चालतेय तोवर

सिग्नलला गाडी उभी होती, आणि वेगाच्या काट्याखाली बॅटरीचा जो लहानसा लाल दिवा असतो तो लागला. नीट लागलासुद्धा नाही. कुणी दारातून डोकावून जावं तेवढाच उजळला, आणि सिग्नल सुटून पायाखाली जरा जोर पडताच विझला. दुसऱ्या कुणाच्या लक्षातही आलं नसतं. मागच्या गाडीवाल्याने हॉर्न मारला तेव्हा तो अजून त्या विझलेल्या जागेकडेच पाहत होता. अल्टरनेटर, तो मनाशी म्हणाला. कार्बन घासलेत. हे निदान खरं तर त्याचं नव्हतं. ते त्याच्या तोंडून बाबांनी केलं होतं, खाकरून, चष्मा कपाळावर चढवून. ज्या घरात पाढ्यांच्या आधी बॅटरीचं प्लस-मायनस शिकवतात त्या घरातल्या माणसाला असल्या दिव्याचा अर्थ विचारत फिरावं लागत नाही. इंजिन फिरतं तेव्हा गाडीसाठी वीज करतो तो अल्टरनेटर. त्याच्या पोटात कोळशाचे दोन इवलेसे तुकडे असतात, ते झिजत आले की तो वीज करण्यात कुचराई करायला लागतो, आणि मग गाडी आपल्याच बॅटरीत साठवलेलं खात सुटते. खाऊन संपलं की थांबते. मधे आठवडा जाईल की महिना, ते कुणी सांगू शकत नाही. काम म्हणाल तर अर्ध्या दिवसाचं: अल्टरनेटर उतरवायचा, उघडायचा, कार्बन बदलायचे, बेरिंग बघायचं, बंद करायचा. शहरात हे काम करणारी पन्नास दुकानं होती. त्याच्यापुरतं एकच होतं, आणि त्या दुकानात तो दोन वर्षं गेला नव्हता.

दुकान बाबांचं, म्हणजे आता दादाचं. एका अंगाला टायरवाला, दुसऱ्या अंगाला काचा बसवणारा, आणि मधे ही अरुंद, खोल जागा, जिच्यात एका वेळी जेमतेम दीड गाडी मावायची. उरलेली अर्धी रस्त्यावर. बाबा बॉनेट उघडायचे आणि आधी काहीच करायचे नाहीत. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक अल्टरनेटरच्या अंगावर टेकवायचे, लाकडी मूठ कानाला लावायचे आणि डोळे मिटून ऐकत राहायचे. गिऱ्हाईक बोलत असलं तर डाव्या हाताने त्याला गप्प करायचे. मग म्हणायचे, "बेरिंग." किंवा, "डायोड." किंवा, "हिला काही झालेलं नाही, तुम्हीच घाबरलाय." दादाला हे ऐकणं तेराव्या वर्षीच आलं. एकदा ह्या धाकट्यालाही बाबांनी मूठ कानाला लावून उभं केलं होतं, आठ-नऊ वर्षांचा असताना. त्याला नुसती घरघर ऐकू आली, सगळीकडून सारखीच. "काय म्हणतेय?" बाबांनी विचारलं. त्याने दादाकडे पाहिलं. दादाने गिऱ्हाइकाच्या पाठीआडून नुसते ओठ हलवले. "बेरिंग," तो म्हणाला, आणि बाबा असे काही खूश झाले की दुकान बंद होईपर्यंत येईल त्याला सांगत होते. पोराला कान आहे, डोकंही आहे, तेव्हा ह्याने शिकावं, हातात पाना घेऊ नये, असं त्या दिवशी घरात ठरून गेलं. दादाला पाना मिळाला आणि त्याला शाळा. दादाने हे कधी बोलून दाखवलं नाही. बोलून दाखवलं असतं तर बरं झालं असतं, असं आता गाडी चालवताना त्याला वाटे. ज्याने कधी काही बोलून दाखवलं नाही त्याच्यासमोर उभं कसं राहायचं?

आणि मग ते एक बोलणं, जे दादाने केलं. बाबांच्या हृदयातली एक झडप नीट मिटत नव्हती. लगेच ऑपरेशन केलंत तर उत्तम, डॉक्टर म्हणाले. महिना-दोन महिने थांबलात तरी बहुधा चालेल. त्यापुढचं मी सांगणार नाही. तपासणीचे कागद त्याच्याकडे आले, कारण घरात कागद वाचणारा तोच. दुकानात स्टुलांवर तिघं बसले होते. "तू सांग," दादा म्हणाला. "तुला त्यातलं कळतं." त्याने कागद पुन्हा एकदा उलटसुलट केले, आणि म्हणाला, "उन्हाळा जाऊ दे. तोवर दुसऱ्या एखाद्या डॉक्टरचंही मत घेऊ." तिघांचाही जीव भांड्यात पडला. हे त्याला पक्कं आठवत होतं, आणि ह्याची साक्ष द्यायला आता कुणी तयार होणार नाही हेही माहीत होतं: बाबा "मला कुठे घाई आहे" म्हणत टुणकन उठले होते, आणि दादाने, सुटलो बुवा अशा चेहऱ्याने, समोरच्या टपरीवर हाक मारून तीन चहा सांगितले होते. दुसऱ्या डॉक्टरचं भिजत घोंगडं तसंच राहिलं. सातव्या आठवड्यात बाबा दुकानाच्या पायरीवर टेकले ते उठलेच नाहीत. बाहेर माणसं जमली होती, टायरवाला, काचवाला, नात्यातले, आणि त्या सगळ्यांच्या देखत, त्याच्याकडे न बघता, भिंतीकडे बघत दादा म्हणाला, "ह्याला विचारत बसलो म्हणून." तेवढंच. त्यावर तो काही बोलला नाही. लोकांना वाटलं, केवढा समजूतदार. पण बोलायला जे होतं ते बोलण्यासारखं नव्हतं. उन्हाळ्याचा काडीचा संबंध नव्हता. सहाव्या आठवड्यात त्याची खात्याची परीक्षा होती, वरच्या जागेसाठीची, चार वर्षांनी एकदा होणारी. ऑपरेशन ठरलं असतं तर महिनाभर रजा टाकून इस्पितळाच्या बाकावर बसावं लागलं असतं. परीक्षा तो चांगल्या रीतीने पास झाला. खिडकीजवळचं टेबल मिळालं. हे सगळं त्याने बायकोलाही सांगितलेलं नव्हतं.

"तुमच्या गाडीत तो लाल दिवा लागतोय," बायको चौथ्या दिवशी म्हणाली.

"कुठला?"

"कुठला काय? नाकासमोर आहे तुमच्या."

"चालतेय ना गाडी?"

"चालायला काय, मीही चालतेय. म्हणून कुणी बघायचंच नाही?" ती हसली, पण लगेच आवाज बदलून म्हणाली, "वहिनींना फोन करू? त्या सांगतील भाऊजींच्या कानावर."

"नको. तुमचं बायकांचं वेगळं असतं."

"वेगळं काही नसतं. आम्ही बोलतो, एवढंच." आणि ती कपड्यांच्या घड्या घालत राहिली, त्याच्या शर्टाच्या बाह्या जरा जास्तच जोराने मागे दुमडत. त्याला वाटलं, हिला सांगावं: अगं, नुसत्या कार्बनसाठी कसा जाऊ? दोन वर्षांनी माणूस दारात उभा राहतो, आणि का, तर दोन कोळशाचे तुकडे झिजले म्हणून? हे काम तर कुणीही करेल. दादा म्हणेल, ह्याला तुझ्या घराजवळ कुणी मिळालं नाही? आणि मग काय सांगू? मिळाला होता, पण मला तू हवा होतास? असली वाक्यं त्या घरात कुणी कधी उच्चारली नव्हती. तिथे माणसं एकमेकांशी गाड्यांबद्दल बोलायची, आणि जे काही असेल ते त्यातच आलं असं धरून चालायची.

म्हणून त्याने थांबायचं ठरवलं. ठरवलं म्हणणंही जरा जास्तच. तो आज-उद्या करत राहिला, आणि आठ-दहा दिवसांनी एका सकाळी त्याच्या ध्यानात आलं की ह्या चालढकलीला आपल्या मनात एक हिशेब आहे. कार्बन म्हणजे अर्धा दिवस. पण ह्याच अल्टरनेटरने अजून थोडं ताणलं, आतल्या तांब्याच्या तारांचं वेटोळं भाजलं, तर ते सगळं काढून नवी तार भरावी लागते. वाइंडिंग. ते मात्र पुरा दिवस खातं. सकाळी गाडी आत गेली की दिवेलागणीला बाहेर. तारेचे फेरे मोजायचे, खाचेत बसवायचे, दोऱ्याने आवळायचे, वरून वार्निश पाजायचं, आणि वार्निश वाळेपर्यंत कुणालाच काही काम नसतं. तेव्हा दुपारचा डबा उघडतात. वार्निश वाळेपर्यंत दोन भाऊ समोरासमोर बसले तर किती वेळ मूग गिळून बसतील? कधीतरी एक जण म्हणेलच, तुला घे अजून. अख्खा दिवस मिळाला तर तो परीक्षेचंही सांगून टाकणार होता. हात पुसता पुसता, दुसरीकडे बघत. सांगायचं म्हणून नव्हे, निघालं म्हणून. तेव्हा दुखणं वाढू द्यायचं होतं. फार वाढून गाडी दोरीने ओढत न्यावी लागली तर नाचक्की. फार लवकर गेलो तर निमित्त काढून आल्यासारखं दिसेल. अगदी मधला एक दिवस गाठायचा होता. बाबांना आणि दादाला कानाने जे कळायचं ते त्याला निदान एवढ्या एका बाबतीत कळायला हवं होतं, आणि तो रोज सकाळी किल्ली फिरवून मान तिरकी करून ऐकत बसे. शेजारचा निवृत्त मास्तर गच्चीतून विचारी, "काय हो, देव देव करताय की काय गाडीत?"

गाडीचं आयुष्य लांबवायच्या सगळ्या युक्त्या त्याला येत होत्या. पंखा बंद, रेडिओ बंद, मोबाइल चार्जिंगला लावायचा नाही, सिग्नलला ब्रेकवरचा पाय काढून हँडब्रेक ओढायचा, म्हणजे मागचे दिवे तेवढेच वाचतात. ऑफिसच्या इमारतीखाली गाड्या लावायचं तळघर होतं. तिथे उतरताना दिवे लावावेच लागत, आणि भिंतीवर पडलेला पिवळा उजेड रोज थोडा थोडा मंद होत चालला होता. पाय दाबला की उजळायचा, सोडला की बसायचा. वर तिसऱ्या मजल्यावर त्याचं काम होतं विम्याच्या दाव्यांचं. अपघात झालेल्या, जळलेल्या, बंद पडून दुसऱ्याने ठोकलेल्या गाड्यांची प्रकरणं त्याच्यापुढे येत, आणि दावा मान्य की अमान्य ते तो लिही. त्या आठवड्यात एका शाळेच्या गाडीचं प्रकरण आलं. संध्याकाळी पुलावर सगळे दिवे जाऊन गाडी उभी राहिली होती, आणि मागून ट्रक आला होता. सुदैवाने पोरं आधीच उतरलेली होती. मालकाने स्वतःच्या हाताने लिहिलं होतं, खोटं बोलणार नाही साहेब, लाल दिवा महिनाभर लागत होता, पण गाडी चालत होती. त्याने ते तीनदा वाचलं. असल्या प्रकरणांसाठी एक ठरलेलं वाक्य होतं, आणि ते इतक्या वेळा लिहून झालं होतं की बोटं आपसूक टाइप करायची: दोष ज्ञात असूनही दुरुस्ती लांबवल्यामुळे. खरं बोललेल्या माणसाला हेच वाक्य लागू होतं. जो म्हणाला असता की दिवा कधी लागलाच नाही, त्याला कदाचित सुटका होती. त्याने वाक्य टाइप केलं, सही केली, आणि साहेबांकडे पाठवलं. ऑफिसात ह्या साहेबांना 'स्वल्पविराम' म्हणत, कारण ते मजकूर न वाचता फक्त स्वल्पविराम सुधारत. त्यांनी 'असूनही'नंतर एक घातला आणि कागद परत आला.

एकदा तो दुसऱ्या दुकानात गेलाही. जायचं असं नव्हतं. वाटेतच होतं, पाटी दिसली आणि गाडी वळली. दुकानदार तरुण, उत्साही, कानामागे पेन्सिल खोचलेला. बॉनेट उघडून त्याने यंत्राच्या दोन तारा लावल्या, आकडा बघितला आणि म्हणाला, "कार्बन गेलेत काका. तासाभरात करून देतो. बसा ना." मग वाकून आत टॉर्च मारला. "हा आधी कुणी उघडलाय? अगदी निगुतीनं बसवलाय हो. आता एवढं कुणी करत नाही. त्यांच्याकडंच का नाही नेत?"

"ते लांब आहेत," तो म्हणाला.

"बाहेरगावी?"

"नाही. इथेच."

तरुणाने त्याच्याकडे पाहिलं. मग हात पुसून तो म्हणाला, "मग आज करू का?" ह्याने घड्याळ बघितलं, वेळ नाही असं काहीतरी पुटपुटला, आणि चोरी पकडली गेल्यासारखा तिथून निघाला. संबंध वाटभर त्याला स्वतःचाच राग येत होता. पण रागाखाली कुठेतरी गारही वाटत होतं: दादाचं काम ओळखू येतं. टॉर्चच्या उजेडात एका परक्या पोरालाही ओळखू येतं. हे दादाला सांगता आलं असतं. वार्निश वाळेपर्यंत सांगण्यासारखी ही एक चांगली गोष्ट होती.

तिसऱ्या आठवड्यात वास आला. चढावर गाडी कण्हली आणि आतल्या झडपांतून तो हलका, गोडसर, जळका वास आत आला, जो त्याने बाबांच्या शर्टाला चिकटलेला पाहिला होता, म्हणजे हुंगला होता, वीस वर्षं. भाजलेलं वार्निश. ह्या वासाने माणसं घाबरतात. त्याला मात्र तो आला आणि डोळे भरून आले. त्याने गाडी कडेला घेतली, काचा वर केल्या आणि तसाच बसून राहिला. झालं, आता वाइंडिंगच. परवा शनिवार. शनिवारी सकाळी नऊला जायचं. बायकोला घरी जाऊन सांगितलं तेव्हा तिने डबा मोठा भरायचा का, एवढंच विचारलं. "भर," तो म्हणाला. "दोघांचा." तिने मान फिरवली, आणि तिलाही बरं वाटलंय हे त्याला तिच्या पाठीवरून कळलं.

शनिवारी गाडी सुरूच झाली नाही. किल्ली फिरवली तर नुसतं टक, आणि सगळे काटे मेल्यासारखे खाली. शेजारून जाणाऱ्या टेम्पोवाल्याने तारा जोडून आपल्या बॅटरीची वीज दिली, आणि म्हणाला, "आता मधे कुठं बंद करू नका. सरळ मेकॅनिक गाठा." त्याने दिवे नाही लावले, पंखा नाही लावला, काच पुसली नाही. लाल दिवा आता लपाछपी खेळत नव्हता, पुरा लागलेला होता. शेवटच्या वळणावर इंजिन अडखळलं, आणि त्याने मनातल्या मनात, लहान पोराच्या आवाजात म्हटलं, एवढं ने. गाडी दुकानासमोर येऊन थांबली.

दादा एका पांढऱ्या गाडीच्या आत अर्धा वाकलेला होता. बाहेर फळीवर दोन गिऱ्हाइकं बसली होती, एक बाई हातात पिशवी धरून, आणि एक म्हातारे गृहस्थ वर्तमानपत्र वाचत. दादा वर आला. केस पिकले होते, विशेषतः कानांच्या वर. त्याने गाडीकडे पाहिलं, मग त्याच्याकडे, आणि म्हणाला, "आलास? ये. उन्हात उभा राहू नको, आत बस." राग नव्हता. त्याने इतक्या वेळा मनात ह्या प्रसंगाची तालीम केली होती, पण ह्या आवाजाची तयारी केलेली नव्हती. मग दादाने पांढऱ्या गाडीचं बॉनेट लावलं, ती मागे ढकलली, आणि ह्याची गाडी पुढे आत घेतली. पिशवीवाल्या बाई म्हणाल्या, "अहो, आम्ही तासभर बसलोय." दादा म्हणाला, "ह्यांचं लगेच करून देतो, लांबून आलेत." तो आत निघाला होता, तिथेच थांबला. कारण ह्या दुकानात घरची गाडी शेवटी होत असे. तो बाबांचा नियमच होता: काकांची असो, मामांची असो, खुद्द बाबांची स्कूटर असो, आधी गिऱ्हाईक, मग घरचे. घरचे बसतील. घरच्यांना कुठे जायचंय? मामा ह्यावरून चिडून संध्याकाळपर्यंत शिव्या देत बसत, आणि चिडले तरी बसत. आज मात्र दादाने त्याला सगळ्यात आधी घेतलं.

"दादा, त्यांचं होऊ दे," तो म्हणाला. "मला घाई नाही. मी डबा आणलाय."

दादाने ऐकलं की नाही कळलं नाही. तो स्क्रूड्रायव्हर कानाला लावायच्या फंदातच पडला नाही. वाकला, नाक जवळ नेलं, एकदाच हुंगलं, आणि पट्टा सैल करून अल्टरनेटर उतरवला. उजेडात धरून झरोक्यातून आत पाहिलं. काळं.

"तीन आठवडे दिवा लागत असेल," दादा म्हणाला.

"हो."

"तेव्हा आणायला हवा होतास. कार्बन होते नुसते. उघडून बसलो असतो." तो हे सहज म्हणाला, कुणालाही म्हणाला असता तसं.

"वाइंडिंग करावं लागेल ना?" त्याने विचारलं. आवाजातली आशा त्याची त्यालाच ऐकू आली.

दादा थांबला. बहुधा पहिल्यांदाच त्याने त्याच्याकडे नीट पाहिलं. "वाइंडिंग बाबा करायचे," तो म्हणाला. "मला कधी जमलं नाही. तुला वाटत होतं मी करतो?"

त्याला तसंच वाटत होतं. कोपऱ्यात जिथे तार भरायचा लाकडी घोडा असायचा, तिथे आता बंद खोक्यांची चळत होती. इतकी वर्षं ह्या दोघांना त्याने एकच माणूस धरलं होतं, कान असलेला, हात काळे असलेला. कुणाला काय येतं आणि कुणाला काय येत नाही, हे त्याने कधी बघितलंच नव्हतं. दादाने चळतीतलं एक खोकं ओढलं, आतून कोरा, चकचकीत अल्टरनेटर काढला, जुना एका डब्यात टाकला आणि नवा बसवायला घेतला. वहिनी आतून पाणी घेऊन आली, "बरे आहात ना भाऊजी?" म्हणाली, आणि नवऱ्याच्या पाठीकडे एकदा बघून पुन्हा आत गेली. पंधरा मिनिटांचं काम. दोन बोल्ट झाले होते, तिसरा राहिला होता, मग पट्टा, मग तारा. त्याच्या लक्षात आलं की आता नाही बोललो तर बोलायला पट्टा चढवण्याइतकाच वेळ उरेल.

"दादा, बाबांच्या वेळी," तो म्हणाला. "उन्हाळ्याचं नव्हतं काही."

"जरा बाजूला हो, उजेड अडतोय."

तो बाजूला झाला. "माझी परीक्षा होती खात्याची. रजा टाकली असती तर ती बुडाली असती. म्हणून थांबा म्हणालो."

दादाने पट्टा चढवला, अंगठ्याने मधोमध दाबून ताण बघितला, आणि बोल्ट आवळत म्हणाला, "माहितीये."

"कधीपासून?"

"तेव्हापासूनच. बाबा म्हणाले मला. चहा पिऊन तू गेलास ना, तेव्हा. म्हणाले, त्याची परीक्षा आहे, त्याला वाटतं आपल्याला ठाऊक नाही. होऊ दे परीक्षा, मग बघू."

फळीवर म्हाताऱ्या गृहस्थांनी वर्तमानपत्राचं पान उलटलं. बाबांना माहीत होतं. बाबा "मला कुठे घाई आहे" म्हणाले, टुणकन उठले, ते सुटल्यामुळे नव्हे. आणि दादाचा तो चेहरा, जो दोन वर्षं त्याने स्वतःच्या बाजूने साक्षीला उभा केला होता, तो तरी कशाचा होता?

"तुला माहीत होतं," तो म्हणाला, "तर मग सगळ्यांसमोर मलाच का बोललास?"

"मग कुणाला बोलणार होतो?" दादा म्हणाला. "बाबांना?" तो क्षणभर पाना हातात धरून उभा राहिला. दादाच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं, आणि त्याला वाटलं, आता. आता हा मला एक ठेवून देईल, नाहीतर शिवी देईल, नाहीतर रडेल. आणि ह्यातलं काहीही चाललं असतं. "वर्षभर वाट बघितली मी तुझी," दादा म्हणाला. "रोज. म्हटलं, येईल, भांडेल. निदान भांडायला येईल. जेवायला बसलो की वहिनी म्हणायची, फोन करा. मी म्हणायचो, येईल तो. मग एक दिवस नाही बघितली. मग सवय झाली." हे त्याने अगदी साध्या आवाजात सांगितलं, एखादा भाग का बदलावा लागला ते सांगावं तसं. मग तारा जोडल्या, हात फडक्याला पुसले आणि म्हणाला, "मार किल्ली."

तो आत बसला. दादाने बाहेरच्या बॅटरीच्या तारा लावल्या. इंजिन पहिल्याच फेऱ्याला लागलं, काटे वर उठले, लाल दिवा क्षणभर सगळ्या दिव्यांबरोबर लागून विझला आणि विझलेलाच राहिला. दादाने स्वतः तारा काढल्या, बॉनेट लावलं, वरून तळहाताने दोनदा थोपटलं. तो खिडकीशी आला. काच खाली होती, चेहरा हातभर अंतरावर होता, आणि मागच्या सीटवर डबा होता, दोघांचा.

"चांगला बसलाय," दादा म्हणाला. "पाच-सात वर्षं आता यावं लागणार नाही तुला."

मग तो सरळ झाला आणि फळीकडे वळून पिशवीवाल्या बाईंना म्हणाला, "हं, आणू तुमची पुढे?"